ट्रेड टेस्ट का बंद केलीत? कारखान्यांच्या एचआर प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
मनुष्यबळ विभागप्रमुख,
चाकण, तळेगाव, रांजणगाव आणि भोसरी पट्ट्यातील कारखाने

सप्रेम नमस्कार.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक, म्हणजे शिकवणारा मास्तर आहे. आपल्यातले बरेच जण मला चेहऱ्याने ओळखतात. कॅम्पस भरतीच्या दिवशी हजेरीपट घेऊन दारात उभा असतो तो मीच. आधी मी रीतसर मेल केला होता. त्यावर ‘नोटेड’ एवढे उत्तर आले. म्हणून आता चारचौघांत लिहितो आहे. दहावीनंतर ज्यांनी पोराला किंवा पोरीला आयटीआयला घातले, त्या प्रत्येक घराला हे कळायला हवे.

यंदाच्या कॅम्पसला एका कंपनीने ट्रेड टेस्ट, म्हणजे हाताने काम करून दाखवायची परीक्षा, काढून टाकली. वर्कशॉपमध्ये जॉब (घडवून दाखवायचा तुकडा) नाही, तोंडी प्रश्न नाहीत, शॉप फ्लोअरच्या सुपरवायझरशी गाठ नाही. मुलांच्या हातात टॅबलेट दिले आणि चाळीस मिनिटांची व्यक्तिमत्त्व चाचणी सोडवून घेतली. संध्याकाळी यादी लागली. माझ्या बॅचमध्ये ज्याचा हात सगळ्यात चांगला, तो मुलगा यादीत नव्हता. कंपनीचे नाव मी लिहीत नाही. एकाच कंपनीची गोष्ट असती तर पत्रही लिहिले नसते. पण इतर आयटीआयमधले सहकारीही हेच सांगू लागले आहेत, आणि ट्रेड टेस्टला लागणारा दिवस वाचतो म्हटल्यावर ही टूम पसरायला वेळ लागणार नाही.

‘हात चांगला’ म्हणजे काय, हे ज्यांनी कधी फाईल (कानस) धरलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रेड टेस्टला आम्ही बहुतेक वेळा मेल-फीमेलचा जॉब देतो. माइल्ड स्टीलचे दोन तुकडे. एकात चौकोनी खाच, दुसऱ्याला तिच्यात बसेल असा चौकोन. मार्किंग करायचे, पंच मारायचा, हॅकसॉने जादा मटेरियल काढायचे, मग आधी बास्टर्ड फाईल, नंतर सेकंड कट, शेवटी स्मूथ. माप ०.०४ मिलिमीटरच्या आत यायला हवे. झाले की दोन्ही तुकडे एकमेकांत बसवून खिडकीकडे धरायचे आणि फटीतून उजेड येतो का ते पाहायचे. तुकडा फिरवून चारही बाजूंनी बसवायचा. घाईत मारलेला एकच स्ट्रोक तिथे उघडा पडतो. मुलगा माप चुकल्यावर चिडतो की गप्प बसून पुन्हा मार्किंग करतो, शेजाऱ्याचा ट्राय स्क्वेअर विचारून घेतो की तसाच उचलतो, जाताना व्हाइस पुसतो की बुरादा तसाच टाकून निघतो, हे सगळे चार तासांत दिसते. आपल्या चाचणीच्या अहवालात याच गोष्टींना ‘ताण सहन करण्याची क्षमता’ आणि ‘संघभावना’ म्हणतात ना?

त्या मुलाचा अहवाल मला कंपनीच्या प्रतिनिधीने विनंतीवरून लॅपटॉपवर दाखवला. प्रत दिली नाही. रंगीत पट्ट्या होत्या. ताण सहन करण्याची क्षमता कमी, पुढाकार मध्यम, शिफारस: योग्य नाही. कशावरून, असे विचारले तर ते भले गृहस्थ म्हणाले, “सर, ते सिस्टिम काढते.”

मी चाचण्यांच्या विरोधात नाही. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायचे तर संगणकावरची अभियोग्यता चाचणी द्यावी लागते. तिचे पाच भाग आहेत: स्मरण, सूचनांचे पालन, अंतराचा अंदाज, एकाग्रता आणि आकृती झटकन ओळखण्याचा वेग. इंजिनात बसून सिग्नल वाचणाऱ्याला यातले काय लागत नाही? प्रत्येक भागात किमान ४२ टी-स्कोअर हवा, हे जाहिरातीत छापलेले असते. टी-स्कोअर म्हणजे इतरांच्या तुलनेत बसवलेले गुण; त्याची सरासरी ५० असते, म्हणजे ही चाळण फक्त खालच्या टोकाला लागते. अंतिम गुणवत्ता यादीत या चाचणीला ३० टक्के वजन, उरलेले ७० टक्के लेखी परीक्षेला. माझे काही विद्यार्थी तिथे नापास झाले. वाईट वाटले, पण अन्याय झाला असे कोणी म्हणाले नाही.

सैन्यदलाचे अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीतही मानसशास्त्रीय चाचण्या आहेत. चित्र पाहून गोष्ट लिहायची, ६० शब्दांना प्रत्येकी १५ सेकंदांत प्रतिसाद द्यायचा. पण तिथे केवळ त्या कागदावर कोणाला घरी पाठवत नाहीत. मुलाखत घेणारा अधिकारी वेगळा, मैदानावर काम करून घेणारा वेगळा, आणि शेवटी सगळे एकत्र बसून ठरवतात. मनसा, वाचा, कर्मणा असे त्या पद्धतीचे वर्णन करतात. आपण यातले ‘कर्मणा’ काढून टाकले आहे, आणि तेही फिटर निवडताना.

आता तक्रारी एकेक मांडतो.

पहिली तक्रार सगळ्यात मोठी. ही चाचणी आपण तपासून घेतलेली नाही. आपल्या स्टँडर्ड रूममधला कुठलाही व्हर्नियर किंवा मायक्रोमीटर उचला. त्यावर कॅलिब्रेशनचे, म्हणजे ते माप बरोबर दाखवते हे तपासल्याचे, स्टिकर असते, पुढची तारीख असते. तारीख उलटलेला मायक्रोमीटर वापरून जॉब पास केला तर ऑडिटमध्ये आपल्याच माणसाची खरडपट्टी निघते. मुलांना मापणाऱ्या या यंत्राचे स्टिकर कुठे आहे? चाचणीत जास्त गुण मिळवणारी मुले वर्षभराने मशीनवर खरोखरच जास्त चांगली ठरतात का, एवढाच प्रश्न आहे. त्यासाठी निवडीच्या दिवशीचे गुण आणि वर्षानंतरची कामगिरी शेजारी-शेजारी ठेवून पाहावी लागते. हे कोणी केले आहे का, असे मी विचारले. उत्तर मिळाले की, हीच चाचणी अनेक मोठ्या कंपन्या वापरतात. तो पुरावा चाचणी विकली जाते याचा झाला.

या विषयावर जगात भरपूर काम झालेले आहे. चाचणीचा गुण आणि नंतरचे काम यांचा मेळ एका आकड्यात सांगतात. शून्य म्हणजे नाणेफेक, एक म्हणजे अचूक भाकीत. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी ८५ वर्षांच्या संशोधनाचा गोषवारा काढला, तेव्हा प्रत्यक्ष काम करून घेण्याच्या चाचणीला ०.५४ आणि सामान्य बुद्धिमत्तेच्या चाचणीला ०.५१ दिले होते. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तेच गणित पुन्हा तपासून सांगितले की हे आकडे फुगलेले होते. त्यांच्या हिशोबात सगळ्यांना ठरावीक प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत ०.४२ वर आली, प्रत्यक्ष काम करून घेण्याची चाचणी ०.३३ वर, बुद्धिमत्ता ०.३१ वर. व्यक्तिमत्त्वातला कामाशी सगळ्यात जास्त जुळणारा गुण, म्हणजे नेटकेपणा आणि जबाबदारीची जाणीव, ०.१९ च्या आसपास. यादीत वर असलेल्या दोन्ही गोष्टी आपण बंद केल्या आणि तळाकडची तेवढी ठेवली. आणि ०.१९ सुद्धा नीट अभ्यासून बनवलेल्या चाचण्यांचा. आपल्या टॅबलेटवरच्या चाचणीचा आकडा कोणी काढलेलाच नाही.

दुसरी तक्रार हिशोबाची आहे, आणि एचआरपेक्षा आपल्या फायनान्सवाल्यांनी ती वाचावी. १९३९ मध्ये टेलर आणि रसेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी काही कोष्टके छापली. चाचणी किती उपयोगी पडेल हे एकट्या चाचणीवर ठरत नाही. आलेल्यांत मुळात कामाचे किती आणि त्यांतले आपण किती घेणार, यावरही ठरते, असे ती कोष्टके सांगतात. आपलाच कॅम्पस घेऊ. समजा १०० मुले बसली आणि ७० घ्यायची आहेत. दोन वर्षे वर्कशॉपमध्ये काढलेल्या मुलांत शंभरातली ८० कामाला चांगली निघतात असे धरू. माझा अनुभव याहून वाईट नाही. डोळे मिटून ७० उचलली तरी त्यांत ५६ चांगली असणार. आता ०.२० ची चाचणी लावा. ७० मध्ये चांगली होतील सुमारे ५८. सगळा खटाटोप करून दोन मुले जास्त. आणि बाहेर काढलेल्या ३० मध्ये कामाला चांगली किती? सुमारे २२.

या २२ जणांची नोंद आपल्या कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही. घेतलेला मुलगा कामाला कच्चा निघाला तर सुपरवायझर बोंब मारतो. नाकारलेला चांगला होता हे आपल्याला कळण्याचा मार्गच नाही. ते मला कळते, कारण तो दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये माझ्यासमोर येऊन उभा राहतो.

खरे सांगायचे तर ट्रेड टेस्टनेही इथे मोठी क्रांती होत नाही. ०.३३ धरले तर ५८ च्या जागी ५९-६० होतील. जिथे बहुतेक मुले कामाची आहेत आणि बहुतेकांना घ्यायचेच आहे, तिथे कुठल्याही चाळणीला फारसे काम उरत नाही. याच कोष्टकात दुसरे टोक पाहा: शंभरातले निम्मेच कामाचे असतील आणि फक्त दहा घ्यायचे असतील, तर ०.३० ची चाचणीसुद्धा दहात पाचऐवजी सात चांगले मिळवून देते. लाखो अर्ज येणाऱ्या भरतीत म्हणूनच चाचण्या शोभतात. मग ट्रेड टेस्टसाठी मी एवढा अडून का बसलो आहे? कारण तिथे हरलेल्या मुलाला आपण का हरलो ते दिसते. जॉब त्याच्या हातात असतो, फट त्याच्या डोळ्यांसमोर असते, आणि पुढच्या कंपनीच्या आधी तो महिनाभर फाईल मारून ती फट बुजवू शकतो. ‘पुढाकार मध्यम’ बुजवायला त्याने काय घासायचे?

तिसरी तक्रार प्रश्नांची. चाचणी इंग्रजी आणि हिंदीत होती, मराठीत नव्हती. मुले हिंदी वाचतात, तेवढे चालवून घेतले असते. पण पार्टीत अनोळखी लोकांशी मी सहज बोलतो का, वीकएंडला मित्रांबरोबर राहायला आवडते की एकट्याने, असे प्रश्न! आंबेगावकडच्या एका मुलाने हात वर करून विचारले, “सर, कसली पार्टी? राजकीय का?” वर्ग हसला, मीही हसलो. पण त्याने शेवटी जे बटण दाबले त्यावरून त्याचा स्वभाव ठरला. १९१७ मध्ये अमेरिकी सैन्याने भरतीसाठी बुद्धिमत्ता चाचणी आणली, तेव्हा ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी चित्रांची वेगळी चाचणी केली होती. त्या चाचण्यांवरही पुढे खूप टीका झाली, पण एवढे भान शंभर वर्षांपूर्वी होते. आपल्याकडेही ते होते. व्ही. व्ही. कामत यांनी बिने-सायमन बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कानडी मुलांवर वापरून, घासून-पुसून बसवली आणि १९४० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका आहे. मराठी मुलांसाठी चाचण्या बनवणारी माणसे आपल्या गेटपासून तासाभराच्या अंतरावर बसतात. मुलाचा गुण कोणाशी तुलना करून ठरवला, हाही प्रश्न आहेच. ती तुलना बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या पदवीधरांशी केली असेल तर चाकणचा वेल्डर ‘कमी पुढाकाराचा’ दिसणारच.

चौथी थोडक्यात. उत्तरे फुटलेली आहेत. कॅम्पसच्या आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर ‘असे आले तर पूर्ण सहमत दाबा’ अशी यादी फिरत होती. ‘मला कधीच राग येत नाही’ याला ज्याने प्रामाणिकपणे ‘येतो कधी कधी’ म्हटले तो मागे पडला. माप खोटे सांगून मेल-फीमेलचा जॉब बसत नाही.

पाचवी तक्रार अहवालांच्या भाषेची. ‘स्वतःकडून जास्त अपेक्षा ठेवतो, कधी कधी निर्णयाबद्दल साशंक असतो’ असली वाक्ये वाचून आपल्या अधिकाऱ्यांना वाटते, वा, अगदी बरोबर ओळखले. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या प्राध्यापकाने वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ‘तुझे खास विश्लेषण’ म्हणून एकच मजकूर दिला होता. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्तमानपत्रातले राशिभविष्य याच बळावर चालते. सुपरवायझर निवडताना आपल्यातले काही जण माणसांवर चार अक्षरांचा शिक्का मारणारी एमबीटीआय वापरतात असेही ऐकतो. ती चाचणी नोकरभरतीसाठी वापरणे नैतिक नाही, असे तिच्या प्रसारासाठी काढलेली संस्थाच सांगते. हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखणारे तर अजून आपल्या दारात येतात; त्यांचा आकडा १९९८ च्या त्या गोषवाऱ्यात ०.०२ होता. त्यावर अधिक लिहीत नाही.

सहावी. चाचणीचे समर्थन करताना मला सांगण्यात आले की मुले सहा महिन्यांत सोडून जातात, टिकणारी ओळखायची आहेत. मुले सोडतात हे खरे आहे. का सोडतात ते मला येऊन सांगतात. खोलीचे भाडे भरून हातात काही उरत नाही. रात्रपाळी सुटल्यावर बस नाही. शिकाऊ म्हणून घेतले आणि वर्षभर एकाच मशीनवर पार्ट चढव-उतर करायला लावले. शेजारचा कारखाना दोन हजार जास्त देतो. यातले एकही कारण मुलाच्या स्वभावात नाही, ते आपल्या गेटच्या आत आणि आसपास आहे. टॅबलेट तिकडे वळवता आला तर बरे होईल.

आता मागण्या.

या चाचणीचे गुण एक वर्ष निवडीसाठी वापरू नका. चाचणी घ्या, गुण पाकिटात बंद करून ठेवा आणि निवड जुन्या पद्धतीने करा. वर्षाने सुपरवायझरचा शेरा, बाद झालेल्या जॉबचा आकडा आणि हजेरी काढा, मग पाकीट उघडा. शेरा देणाऱ्याला गुण माहीत नसावेत. एका कारखान्याची मुले यासाठी कमी पडतील. पट्ट्यातल्या दहा-वीस कारखान्यांनी मिळून केले तर पुरतील. मेळ दिसला तर मी स्वतः मुलांची या चाचणीसाठी तयारी करून घेईन आणि तसे जाहीर लिहीन. नाही दिसला तर आपण चाचणी बंद करावी.

ट्रेड टेस्ट परत सुरू करा. तिच्या जोडीला दहा-पंधरा ठरावीक प्रश्नांची मुलाखत ठेवा, प्रश्न शॉप फ्लोअरच्या माणसाने काढलेले असावेत आणि सगळ्यांना तेच विचारावेत.

चाचणी विकणाऱ्याकडून लेखी घ्या: ती कोणत्या कामासाठी बनवली, कोणत्या लोकांवर पडताळली, मराठीत आहे का, पास-नापासची रेषा कुठे आणि का. अमेरिकेत १९७१ मध्ये ड्यूक पॉवर कंपनीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की काही समाजघटकांना बाहेर ठेवणारी चाचणी कामाशी निगडित असल्याचे कंपनीला दाखवता आले पाहिजे. आपल्याकडे खासगी भरतीवर असे बंधन नाही. म्हणून हे मागून घ्यावे लागते आहे.

मुलाला त्याचा अहवाल द्या, आणि त्याची उत्तरे कोणाकडे किती काळ राहणार ते सांगा. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला आहे. अठरा वर्षांच्या मुलाने ‘मला राग येतो’ म्हटल्याची नोंद पुढच्या पाच कंपन्यांना विकली जाणार नाही, एवढी लेखी हमी मागणे जास्त नाही.

आणि यंदा नाकारलेल्या मुलांची ट्रेड टेस्ट घ्या. सगळ्यांची, फक्त माझ्या त्या एका विद्यार्थ्याची नको. कोणत्याही शनिवारी सकाळी आठला आमचे वर्कशॉप उघडे ठेवतो. मटेरियल कापून ठेवू, फाइल्स आणि व्हाइस आमचे. आपण एक सुपरवायझर पाठवा, आणि जमले तर चाचणी विकणाऱ्यांनाही सोबत आणा. येण्याआधी दोन दिवस प्राचार्यांच्या कार्यालयात कळवले की पुरे. गेटपासची गरज नाही.

आपला,
एक शिल्प निदेशक, फिटर ट्रेड
शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था, पुणे जिल्हा